आठव्या महिन्यात ट्रम्पेटसमोरच्या खुर्चीत बसून वाजवावे का?

आठवी_खुर्ची

नमस्कार. मी एका पूर्णवेळ वाद्यवृंदात गेली नऊ वर्षे व्हायोला (व्हायोलिनसारखेच, पण थोडे मोठे वाद्य) वाजवते. मला गरोदरपणाचा एकोणिसावा आठवडा चालू आहे, आतापर्यंतच्या सगळ्या तपासण्या व्यवस्थित आहेत, सुरुवातीची मळमळ ओसरली आहे आणि वाजवताना अद्याप कसलाही त्रास जाणवलेला नाही. काळजी आहे ती पुढची. आमच्या मांडणीत व्हायोलांचे शेवटचे डेस्क (म्हणजे एका स्टँडवर वाजवणाऱ्या दोघांची जोडी) थेट पितळी वाद्यांच्या पुढ्यात येते आणि माझी जागा तिथेच आहे. मागच्या पायरीवरच्या ट्रम्पेटचे तोंड माझ्या डोक्यापासून जेमतेम दीड मीटरवर असते. मला तेहतिसावा आठवडा लागेल त्याच आठवड्यात मालर या संगीतकाराची सहावी सिम्फनी आहे. ज्यांनी ती वाजवली आहे त्यांना सांगायला नकोच, पण इतरांसाठी लिहिते की तिच्यात आठ हॉर्न, सहा ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, ट्यूबा आणि शेवटच्या भागात चक्क एक प्रचंड लाकडी हातोडा आहे, आणि हे सारे सुमारे ऐंशी मिनिटे चालते. चार दिवस तालमी, मग रंगीत तालीम आणि लागोपाठ दोन कार्यक्रम असे वेळापत्रक आहे.

वादकांसाठी मिळणारे इअरप्लग मी नेहमीच वापरते, त्यामुळे माझ्या कानांची मला तितकी चिंता नाही. पण बाळाच्या कानांचे काय, असे मी डॉक्टरांना विचारले तेव्हा संगीत बाळाला चांगलेच असते, असे त्यांनी हसून सांगितले. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा दिवाणखान्यात मंद आवाजात लावलेले संगीत असावे. सहा ट्रम्पेट नसावेत.

दुसरी गोष्ट अशी की मी अजून व्यवस्थापनाला काही कळवलेले नाही. पुढच्या हंगामात वरच्या जागेसाठी चाचणी आहे आणि त्याआधी ही बातमी फुटू नये असे मला वाटते. ज्यांनी गरोदरपणात वाजवले आहे त्यांनी कधीपर्यंत वाजवले, काय बदलले आणि कधी सांगितले, हे कृपया कळवावे.

चेलो_आणि_दोन_मुली

अभिनंदन. मी दोन्ही वेळी वाजवले, पहिल्या वेळी पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत आणि दुसऱ्या वेळी एकतिसाव्यापर्यंत, आणि दोन्ही वेळी थांबण्याचा दिवस मी ठरवलेला नव्हता. तो माझ्या पाठीने ठरवला. आवाजाबद्दल माझ्यापेक्षा जाणकार कोणी लिहील, मी बसण्याबद्दल लिहिते.

चेलो दोन गुडघ्यांत धरून वाजवतात, त्यामुळे आमची अडचण उघड असते. वाद्याची वरची कड छातीच्या हाडावर टेकलेली असते आणि पाचव्या महिन्यानंतर पाठीचा भाग पोटावर येऊन बसतो. मी एंडपिन (चेलोखालचा जमिनीवर टेकणारा दांडा) लांब केला, चेलो अधिक आडवा घेतला आणि शेवटी फ्रेंच चेलोवादक पॉल टॉर्टेलिए यांनी रूढ केलेला वाकडा एंडपिन उसना आणला, कारण त्याने वाद्याचा कोन पुष्कळ सपाट होतो आणि पोटाला जागा मिळते. पण मग बो (वाजवायचा गज) नव्या जागी पडतो, आणि वीस वर्षे डोळे मिटून सापडणारी सी तार अचानक हाताला लागेनाशी होते. ही सवय व्हायला मला तीन आठवडे लागले, म्हणून बदल करायचा असेल तर गरज पडण्याआधी करावा.

तुमचा व्हायोला खांद्यावर असल्यामुळे पोट आड येणार नाही, पण खुर्ची येईल. वाद्यवृंदाच्या बहुतेक खुर्च्यांची बैठक मागे किंचित उतरती असते, आणि पुढे वजन वाढलेल्या शरीराला त्यावर सरळ बसणे म्हणजे कमरेला सतत चढावर उभे करणे आहे. मागे उंच आणि पुढे उतरती अशी पाचरीच्या आकाराची उशी घ्या, म्हणजे मांडीचा सांधा गुडघ्यापेक्षा वर राहील. माझ्या अनुभवात या एका उशीने जितका फरक पडला तितका व्यायामाने, पट्ट्याने किंवा मालिशने पडला नाही.

मनगटांकडे लक्ष द्या. शरीरात पाणी साठल्यामुळे मनगटातल्या अरुंद मार्गात नस दाबली जाते आणि अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू रात्री बधिर होते. करंगळी मात्र सुटते, आणि हीच त्या दुखण्याची खूण आहे. तुमचे डावे मनगट वाजवताना वाकलेलेच असते, त्यामुळे तुम्हाला ते आधी जाणवेल. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून झोपल्याने मला बराच आराम पडला, आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ते आपोआप गेले. मात्र चेहरा आणि हात एकाएकी सुजणे, डोके ठणकणे किंवा डोळ्यांपुढे चमकणे हे यात धरू नका. त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कार्यक्रम असला तरी.

मोजपट्टी

कामाच्या ठिकाणचा आवाज मोजणे हा माझा व्यवसाय आहे आणि हौसेने मी क्लॅरिनेट वाजवतो, म्हणून हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी जवळचा आहे.

इअरप्लगने बाळाचे संरक्षण होत नाही, हे प्रथम स्पष्ट असावे, कारण बाळापर्यंत आवाज तुमच्या कानावाटे जातच नाही. तो पोटाच्या भिंतीतून आणि गर्भजलातून जातो. बाळाच्या अंतर्कर्णाची घडण साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत होते, चोविसाव्याच्या आसपास ते आवाजाला प्रतिसाद देऊ लागते आणि अठ्ठाविसाव्यानंतर तो प्रतिसाद भरवशाचा होतो. म्हणजे मालरच्या आठवड्यात बाळ खऱ्या अर्थाने तालमीला हजर असेल.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. शेजारच्या खोलीत गाणे चालू असले की भिंतीतून शब्द कळत नाहीत, ठेका मात्र येत राहतो. शरीरही तसेच वागते. उंच स्वर आत पोहोचेपर्यंत २० ते ३० डेसिबलने क्षीण होतात, तर सुमारे २५० हर्ट्झच्या खालचे स्वर फारसे न घटता आत जातात. ट्रम्पेटचा सर्वांत खालचा स्वरच १६५ हर्ट्झच्या आसपास असतो, आणि त्याच्या कर्कशपणाचा सारा जोर त्याहून कितीतरी वरच्या पट्टीत असतो. म्हणून ज्या वाद्याला तुम्ही घाबरता आहात ते तुमच्या कानांचे शत्रू आहे, बाळाच्या कानांपर्यंत त्याचा थोडाच भाग पोहोचतो. डबल बासची खालची तार ४१ हर्ट्झवर आहे, चेलोची ६५ वर. टिंपनी, बास ड्रम, ट्यूबा आणि ट्रॉम्बोनचे खालचे स्वर याच पट्ट्यात येतात, आणि तुमच्या स्वतःच्या व्हायोलाची सी तारही १३१ हर्ट्झवर, म्हणजे या पट्ट्यातच आहे. तेव्हा जागा बदलायची असेल तर ट्रम्पेटपासून दूर जाताना बास ड्रमच्या शेजारी जाऊन बसू नका.

मर्यादेचे म्हणाल तर, प्रौढ कानांसाठी दिवसाला आठ तास ८५ डेसिबल ही सहसा धरली जाणारी सीमा आहे आणि आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटे. पितळी वाद्यांसमोर जोरकस भागात शंभराच्या आसपासचे आकडे दिसणे नवलाचे नाही. गरोदर स्त्रियांनी ११५ डेसिबलच्या वरच्या आवाजात इअरप्लग लावूनही थांबू नये, असा अमेरिकेतील नायॉश या कामगार आरोग्य संस्थेचा सल्ला आहे. जिच्यातून थरथर अंगाला जाणवते अशा वस्तूला टेकून राहू नये, हेही तिथे सांगितलेले आहे. लाकडी पायरी बास ड्रमबरोबर थरथरत असेल तर ते इथे लागू होते.

स्वीडनमध्ये १९८६ ते २००८ या काळात जन्मलेल्या सुमारे १४ लाख मुलांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदरपणात पूर्णवेळ ८५ डेसिबलहून अधिक आवाजात काम केलेल्या मातांच्या मुलांत श्रवणदोषाचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी अधिक आढळले. मात्र ज्या अर्धवेळ काम करत होत्या किंवा ज्यांनी बराच काळ रजा घेतली होती त्यांच्या बाबतीत हा संबंध खूपच क्षीण होता. ८० टक्के हा आकडा भीतिदायक वाटतो, पण मुळात एकंदर प्रमाण शंभरात एकाहून कमी होते. शिवाय तो अभ्यास आठवडेच्या आठवडे सतत गोंगाटात असणाऱ्या कामाचा आहे. वाद्यवृंदात मोठा आवाज येतो आणि जातो. मी त्यातून इतकेच घेतो की एका कार्यक्रमापेक्षा एकंदर तासांचा हिशेब महत्त्वाचा आहे, आणि तासांवरच तुमचा ताबा चालू शकतो. त्या आठवड्यातले निम्मे दिवस दुसऱ्या कोणी वाजवले, तर बाकी काहीही न बदलता भार निम्मा होतो.

मागच्या_पायरीवरून

मी ट्रम्पेट वाजवतो, म्हणजे या चर्चेतला आरोपी. आमच्याकडे व्हायोलातील एक सहकारी गरोदर असताना तिने आम्हाला आपण होऊन सांगितले आणि आम्ही दोन गोष्टी केल्या. ट्रम्पेटचा आवाज तोंडासमोर सरळ जातो, म्हणून खुर्च्या अशा वळवल्या की तोंड तिच्या डोक्यावरून न जाता दोन डेस्कच्या मधून जाईल. आणि तालमीत जिथे संचालक तंतुवाद्यांवर काम करत असत तिथे आम्ही पूर्ण जोराने न वाजवता केवळ खुणेपुरते वाजवत असू. याबद्दल कोणीही कुरकूर केली नाही. खरे सांगायचे तर रोज पूर्ण ताकदीने वाजवणे आमच्या ओठांनाही नकोच असते.

मोजपट्टी

हे उत्तमच आहे, फक्त एक दुरुस्ती: तोंड वळवल्याने उंच स्वरांची दिशा बदलते, खालचे स्वर सगळीकडे पसरतात. म्हणजे त्या सहकारीच्या कानांना खरा आराम मिळाला असेल, पोटाला तितका नाही. खुणेपुरते वाजवणे मात्र दोघांच्याही उपयोगाचे.

रीड_खरवडणारी

विषय व्हायोलाचा असला तरी सुषिर म्हणजे फुंकून वाजवायची वाद्ये वाजवणाऱ्या कोणी हे वाचत असतील म्हणून लिहिते. मी ओबो वाजवते. गरोदरपणात श्वासपटल सुमारे चार सेंटिमीटर वर सरकते, पण छातीचा घेरही वाढतो, त्यामुळे एका दमात बाहेर टाकता येणारी हवा जवळजवळ पूर्वीइतकीच राहते. तरीही धाप लागते, कारण शरीराला प्राणवायू अधिक लागतो आणि संप्रेरकांमुळे श्वास मुळातच खोल होतो. ओबोचे दुखणे उलटे असते: इतर वाद्यांवर हवा संपते, आमची शिळी होऊन आतच उरते, आणि नवा श्वास घेण्याआधी ती बाहेर टाकावी लागते. सहाव्या महिन्यानंतर त्या एका क्षणाची उसंत मला पुरेनाशी झाली. मी रीड (फुंकायची बोरूची पात) नेहमीपेक्षा पातळ खरवडू लागले, म्हणजे कमी दाबाने स्वर निघावा. त्यामुळे उंच स्वर किंचित उतरत आणि शेजारचा क्लॅरिनेटवाला माझ्याकडे पाहत असे, पण चक्कर येणे थांबले. जिथे शक्य तिथे लांब ओळीत श्वासाची एक जादा खूण केली.

ओबो आणि ट्रम्पेटच्या उंच स्वरांना छातीत आणि पोटात बराच दाब निर्माण होतो. रक्तदाब वाढलेला असेल, वार खाली असेल किंवा गर्भाशयाचे मुख सैल असल्याचे सांगितले असेल, तर वाजवावे की नाही हे डॉक्टरांना नेमके याच शब्दांत विचारावे. 'मी संगीतात आहे' एवढेच सांगितले तर त्यांना दाबाची कल्पना येत नाही. हिरड्या सुजणे, नाक चोंदणे आणि जळजळ या तीन गोष्टी किरकोळ म्हणतात, पण तोंडाने वाजवणाऱ्यांचा दिवस त्याच बिघडवतात.

आठवी_खुर्ची

सर्वांचे मनापासून आभार. ट्रम्पेटकडे पाहून घाबरत होते आणि बास ड्रमचा विचारही केला नव्हता, हे वाचून थोडे ओशाळल्यासारखे झाले. आता अडचण अशी दिसते की यातले जवळपास काहीही न सांगता करता येणार नाही. उशी आणता येईल, मनगटाला पट्टी बांधता येईल. पण खुर्ची बदलणे, तालमी वाटून घेणे आणि ट्रम्पेटवाल्यांना विनंती करणे हे सांगितल्याशिवाय कसे होणार? चाचणीची भीती मात्र तशीच आहे.

वेळापत्रक_सांभाळणारी

मी अनेक वर्षे एका वाद्यवृंदात बदली वादक नेमण्याचे आणि वेळापत्रकाचे काम पाहिले आहे, तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहिते.

तुमची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने १९९७ पर्यंत एकाही स्त्रीला सदस्यत्व दिले नव्हते, आणि त्या वेळच्या वादात बाळंतपणाची रजा हे कारण उघडपणे पुढे केले जात होते. तिथल्या पहिल्या सदस्य झालेल्या हार्पवादक आना लेल्केश यांनी त्याआधी वीसहून अधिक वर्षे त्याच वाद्यवृंदात वाजवले होते. तो काळ मागे पडला असला तरी 'पुढच्या वर्षी ती असेल का' हा प्रश्न खोलीत कोणी न विचारताही असतो, हे मी पाहिले आहे. चाचणी पडद्याआडून होत असेल तर पोट दिसणार नाही. नसेल, तर ती पडद्याआडून घ्यावी अशी मागणी सर्वांच्या वतीने करता येते.

पण याची दुसरी बाजू पाहा. युरोपीय संघाच्या १९९२ च्या निर्देशानुसार गरोदर कर्मचाऱ्याच्या कामातील धोके तपासणे मालकाला बंधनकारक आहे, त्या धोक्यांत आवाजाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि धोका आढळल्यास आधी कामाची पद्धत किंवा वेळ बदलायची, ते न जमल्यास दुसरे काम द्यायचे आणि तेही न जमल्यास रजा द्यायची असा क्रम आहे. मात्र हे संरक्षण मालकाला कळवलेल्या स्त्रीलाच मिळते. तुम्ही कुठे आहात त्यानुसार कायदा वेगळा असेल, पण तर्क हाच असतो: न सांगितल्याने संशय टळतो आणि त्याबरोबर हक्कही टळतो.

माझा सल्ला असा की सांगावे, पण तोंडी बातमी म्हणून नव्हे. एका पानाचे पत्र लिहावे, त्यात प्रसूतीची अपेक्षित तारीख, कोणत्या कार्यक्रमापर्यंत वाजवण्याचा मानस आहे तो कार्यक्रम, आणि नेमक्या मागण्या लिहाव्यात. 'काळजी घ्यावी' असे लिहिलेल्या पत्राचे काय करायचे हे आमच्यासारख्यांना कळत नाही. 'बाविसाव्या आठवड्यापासून तिसऱ्या डेस्कची बाहेरची जागा द्यावी आणि मालरच्या आठवड्यात पर्यायी वादकाबरोबर तालमी वाटून द्याव्यात' असे लिहिले तर ते मी अर्ध्या तासात करू शकते. बाहेरची जागा मुद्दाम म्हणते आहे: पाने आतला वादक उलटतो, त्यामुळे तुम्हाला पुढे वाकावे लागणार नाही, आणि मध्येच उठून जावे लागले तर वाट मोकळी राहील. चांगला बदली वादक मिळायला मालरसाठी दोन महिने लागतात, तेव्हा आजपासून तीन-चार आठवड्यांत सांगितले तर तुम्ही व्यवस्थेला मदत करत आहात असे दिसते. एकतिसाव्या आठवड्यात सांगितले तर अडचणीत टाकल्यासारखे. दौरा असेल तर तोही पाहा, कारण बऱ्याच विमान कंपन्या अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांचे पत्र मागतात आणि एकच बाळ असल्यास छत्तिसाव्यानंतर सहसा नेत नाहीत.

चेलो_आणि_दोन_मुली

पत्राच्या बाबतीत मी सहमत आहे. पहिल्या वेळी मी चोविसाव्या आठवड्यापर्यंत लपवले आणि काळ्या सैल पोशाखात ते लपलेही, पण त्या काळात कार्यक्रमाच्या पूर्वार्धात स्वच्छतागृहाला जाता येणार नाही म्हणून मी दुपारपासून पाणी पीत नसे, आणि एकदा रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेत घेरी आली. दुसऱ्या वेळी पाण्याची बाटली उघडपणे खुर्चीखाली होती. आणखी एक सांगायचे राहिले: ऐंशी मिनिटे बसून झाल्यावर टाळ्यांच्या वेळी सगळ्यांबरोबर झटकन उभे राहू नका. शेवटच्या भागातल्या विरामांत घोटे वरखाली हलवत राहा, आधी पाय जमिनीवर नीट टेकवा, आणि आधार घ्यायचा तर खुर्चीचा घ्या, स्टँडचा नाही. स्टँड तुमच्याबरोबर येतो.

आठवी_खुर्ची

पत्र लिहिले आहे आणि ते उद्या देणार आहे. 'मालरच्या आठवड्यातील पहिल्या दोन तालमी आणि दुसरा कार्यक्रम पर्यायी वादकाने वाजवावा' अशी नेमकी मागणी त्यात आहे. रंगीत तालीम आणि पहिला कार्यक्रम मला वाजवायचा आहे, डॉक्टरांनी त्या आठवड्यात हरकत घेतली नाही तर. चाचणीबद्दल पत्रात एक शब्दही नाही. पडद्याची मागणी आमच्या वादक समितीतील एका सहकारी स्वतंत्रपणे करणार आहेत.

मोजपट्टी यांना एक विचारायचे होते. पुढच्या मंगळवारच्या तालमीत माझ्या आत्ताच्या जागेवर आणि तिसऱ्या डेस्कच्या बाहेरच्या जागेवर आवाज मोजण्याची परवानगी मिळाली आहे. मीटरवर ए आणि सी अशा दोन खुणा दिसतात. कोणती धरावी?

मोजपट्टी

दोन्ही लिहून घ्या. ए हे मापन मानवी कानाच्या ऐकण्यानुसार खालचे स्वर बरेचसे वजा करते, त्यामुळे तुमच्या कानांचा हिशेब ए वर करावा. तुम्हाला ज्याची चिंता आहे ते स्वर सी मध्ये दिसतात, आणि सी चा आकडा ए पेक्षा जितका मोठा, तितका त्या जागी खालच्या स्वरांचा भरणा अधिक. मीटर मांडीवर ठेवू नका; स्टँडला बांधून पोटाच्या उंचीवर ठेवा, आणि बास ड्रमवाला त्या दिवशी हजर आहे ना, याची आधी खात्री करून घ्या.